उगवतीचं दार

आपल्या बायकोला, रामीला, काय झालंय ते पुंजाला कळलं त्या दिवशी ती नागलीची भाकर थापत होती. थापलेली भाकर तव्यावर टाकायची सोडून तिने परत पिठात मिसळली. पुन्हा थापली, पुन्हा मिसळली.

"भाजायची नाय का?" पुंजाने विचारलं.

तिने वर पाहिलं. "घरधनी शेतावरून येऊ दे. तुम्ही कुठल्या गावचे?"

माणसं ती विसरू लागली, पण पोशेरा गावाजवळच्या पाड्यावरचं त्यांचं घर तिच्या अंगात मुरलं होतं. उजाडताच उठायचं, उगवतीच्या दारातून बाहेर पडायचं, उजव्या हाताच्या ढिगातून लाकडं आणायची आणि चूल पेटवायची. म्हणून पुंजा घरातली एकही वस्तू जागची हलू देत नसे.

मग पाड्यात साथ आली. माणसं पटापट जाऊ लागली. जव्हारहून राजाचा शिपाई आला आणि पाडा रिकामा करायला सांगून गेला. सगळ्यांनी वर टेकाडावर काठ्यांच्या कुडाची घरं उभी केली. पुंजाच्या वाट्याला कडेची जागा आली. उगवतीला सरळ दरी होती, म्हणून दार मावळतीला ठेवावं लागलं.

रामी रोज उजाडताच उगवतीच्या कुडाशी जायची आणि दोन्ही हातांनी तो चाचपत राहायची. बोटं सोलून निघाली. खाणं तुटलं. शेवटी पुंजाने कोयता घेतला आणि तिचे हात पडायचे तिथेच कूड कापून दार पाडलं. बाहेर, दरीच्या अलीकडे, वाळक्या दांड्यांना टोकं काढून दाट कुंपण ठोकलं.

शेजारची ठकी बघत उभी होती. "दोन दारं, पुंजादादा? वाघाची चांगली सोय केलीस. इकडून येईल, तिकडून जाईल."

"तुझ्या वहिनीची केली."

"आणि ती गेली खाली म्हणजे?"

"कुंपण हाय ना."

"ते तुला ठाऊक. तिला?"

पुंजाने कुंपणाचे दांडे एकेक हलवून पाहिले.

दुसऱ्या दिवशी रामी त्या दारातून बाहेर गेली, लाकूड घेऊन आत आली आणि चूल पेटवली. रोज तसंच होऊ लागलं. ती जेवू लागली. एकदा पुंजा शेतावरून आला तेव्हा "आलात का?" म्हणाली. त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली.

मावळतीच्या दाराशी त्याने रचलेला लाकडांचा ढीग मात्र कमी होत नव्हता. ते त्याच्या लक्षात आलं, पण वाटलं, ठकी त्या दाराबाहेर लाकडं टाकून जात असेल. सकाळी दरीतून धुकं वर यायचं, कुंपण दिसायचं नाही. शेतावर जायची त्याची वाट मावळतीची होती.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी विळा विसरला म्हणून तो अर्ध्या वाटेतून परतला. रामी घरात नव्हती. चूल पेटलेली होती आणि चुलीत एक दांडा जळत होता. त्याचं एक टोक बाहेर होतं, अणकुचीदार. ते त्यानेच कोयत्याने तासलेलं होतं.

तो उगवतीच्या दारातून बाहेर धावला. कुंपणाला, उजव्या हाताला, माणूस जाईल एवढी वाट पडली होती.

धुकं उठल्यावर माणसं दरीत उतरली.

साथ सरली तसे सगळे जुन्या पाड्यावर परतले. पुंजा गेला नाही. उजाडलं की त्या दारातून ऊन थेट चुलीपर्यंत येतं. त्याने कारवीच्या काठ्या कापून आणून कुडाला टेकवून ठेवल्या आहेत. दार बुजवायचं अजून राहिलं आहे.