दार उघडं ठेवून

बाईंनी ताट वाढून घेतलं, फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि ड्रायव्हरसाहेबांचा सराव लावला.

बाईंकडे व्हायोलिन शिकायला सहा वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे यायचे, पण एकेकटे. प्रत्येकाची वही वेगळी, धडा वेगळा. डाव्या हाताची बोटं वळत नसलेल्या एका मुलीला तर त्यांनी तारा उलट्या बाजूने लावून दुसऱ्या खांद्यावर वाजवायला शिकवलं होतं. नियम मात्र सगळ्यांना एकच: रोजचा सराव रेकॉर्ड करून पाठवायचा. बाकीच्यांचा सराव बाई दुपारीच ऐकून हातावेगळा करत. या निवृत्त बसड्रायव्हरांचा तेवढा जेवणाच्या वेळेसाठी राखून ठेवत.

तो काही फार ऐकण्यासारखा होता अशातला भाग नाही. खड्ड्यांतून बस काढावी तसा साहेबांचा गज तारेवरून जायचा. पण त्याच्या मागे त्यांचं घर ऐकू यायचं. भांडी वाजायची. नात पाढे म्हणता म्हणता सातापाशी अडखळायची. बायको म्हणायची, "अहो, जरा हळू. शेजारी माणसं राहतात." बाईंच्या घरात बाई सोडून बोलणारं कुणी नव्हतं, आणि त्या तरी कुणाशी बोलणार?

आता हे गुपचूप ऐकावं आणि गप्प बसावं की नाही? पण मंगळवारी, शिकवणी चालू असताना, त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"नातीचा खोकला बरा आहे का आता?"

साहेबांचा गज थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रेकॉर्डिंगमध्ये येतो ना आवाज."

साहेब ओशाळले. "अरे देवा! आमचा घरभर गोंधळ, आणि तुम्ही तो ऐकत बसता. चुकलंच माझं, बाई."

"तसं नाही हो..."

"नाही, नाही. बघतोच आता."

आणि त्यांनी बघितलंच. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग आतल्या खोलीतून, दारं-खिडक्या लावून येऊ लागलं. नुसतं व्हायोलिन. होतं तितकंच बेसूर, आणि मागे काही म्हणजे काही नाही. बाईंनी आवाज पूर्ण वाढवून पाहिला, फोन कानाला लावून पाहिला. समोरचं ताट तसंच गार झालं. नको तिथे तोंड उघडलं आणि होतं तेही घालवलं, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

पुढच्या मंगळवारी साहेबांनी मोठ्या उमेदीने विचारलं, "आता कसं, स्वच्छ येतंय ना?"

बाईंनी त्यांची वही ओढली. पेन्सिलीला टोक केलं, टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा केलं. मग तीस वर्षांत कुणालाही दिला नव्हता असा धडा लिहिला: 'सराव स्वयंपाकघरात करावा. दार उघडं ठेवावं.'

"हे कशासाठी?"

"गोंगाटात ताल सुटू नये म्हणून," बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "तुम्ही माणसांनी भरलेली बस चालवलीत. तुम्हाला जमेल."

साहेबांना ते तंतोतंत पटलं.

संध्याकाळी रेकॉर्डिंग आलं. सुरुवातीलाच नळाचं पाणी, मग साहेब.

"इथेच उभं राहून वाजवायचंय. बाईंनी लिहूनच दिलंय. गोंगाट लागतो म्हणे."

"गोंगाट?" बायको म्हणाली. "आपला?"

"आपलाच."

नळ बंद झाला. बाईंचा हात ताटातच थांबला.

"ते व्हायोलिन ठेवा बरं जरा खाली."

"अगं, पण सराव..."

पावलं जवळ आली. मग आवाज अगदी फोनपाशी आला, नेहमीपेक्षा हळू.

"बाई, जेवलात का?"

आणि ती उत्तराची वाट बघत असल्यासारखी थांबली.

"आत्ताच बसलेय," बाई म्हणाल्या.