क्रोशाच्या रुमालाखालचा यूपीएस

मी एक जुना यूपीएस आहे, मित्रांनो, पण मला म्हातारा म्हणालात तर पीं करून ओरडेन, आधीच सांगून ठेवतो! यूपीएस म्हणजे पोटात बॅटरी असलेला काळा डबा. लाइट गेली तरी मी यंत्रं बंद पडू देत नाही. आज मी इतका खुशीत आहे, की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका बाईंनी माझ्या पाठीवर हिरवा शिक्का मारला, एवढं आठवतं. तिथून मी थेट कळमनुरीला, पुनमताईंच्या ऑनलाइन केंद्रात आलो. काय दिवस होते ते! बारावीचे निकाल, दाखले, पीकविम्याचे अर्ज, आणि दाराबाहेर चपलांचा हा ढीग! मधेच लाइट जायची, सगळा बाजार हळहळायचा, आणि आमचा कॉम्प्युटर मात्र चालूच. लोक म्हणायचे, “पुनमताईचं काम बराबर हाय.” आता खरं सांगा, बराबर कोणाचं होतं? माझंच ना!

पण माझी बॅटरी बसली, केंद्रात लॅपटॉप आले, आणि पुनमताईंनी मला दाराला टेकू म्हणून लावून ठेवलं. वारा सुटला की दार माझ्यावर आदळायचं. जाता-येता कोणाचाही पाय लागायचा. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

एक दिवस शीतल काही कामासाठी केंद्रात आली. ती जवळा बाजार गावातल्या जळबा हमालांची मुलगी, बी.एड. झालेली. तिनं वाकून माझ्यावरची धूळ फुंकली आणि विचारलं, “ताई, हा यूपीएस मी नेऊ का?”

“ने की. पण मेलाय तो.”

“न्हाई ताई, झोपलाय नुसता.”

अहो, त्या एका वाक्यानं मी तिचा झालो!

तिची तकलीफ अशी होती. तिला ऑनलाइन वर्गांची शिक्षिका व्हायचं होतं, आणि तेही आई-बापाजवळ घरीच राहून. पण घरातला राऊटर मोठा नाटक्या. दिवे हिरवेगार, आणि आतून ठप्प! मग कोणीतरी स्टुलावर चढायचं, त्याचा प्लग काढायचा, थोडं थांबून परत घालायचा, की महाराज शुद्धीवर. एका संस्थेसाठी नमुना धडा देताना त्यानं असाच दगा दिला. शीतल स्टुलावर चढून उतरेपर्यंत समोरचे परीक्षक निघूनही गेले होते.

म्हणून तिनं मला नवी बॅटरी घातली आणि काडेपेटीएवढी एक हिरवी सर्किटची पट्टी जोडली. आता मी राऊटरच्या शेजारी, आणि त्याला वीज माझ्याकडून. मी थोड्याथोड्या वेळानं त्याला हाक मारायची, “आहेस का रे?” त्यानं बाहेरच्या जगाला विचारून “आहे” म्हणायचं. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, की मी त्याची वीज तोडायची, दहापर्यंत मोजायचं आणि पुन्हा जोडायची. ना स्टूल, ना धावपळ! लाइट गेल्यावरची माझी पीं-पीं तिनं बंद करून टाकली. फक्त अंग फार तापलं तर ओरडायची मुभा ठेवली.

मग दुसऱ्या संस्थेच्या नमुना धड्याचा दिवस उजाडला. त्यांचा नियम कडक होता. लाइन एकदा तुटली तर माफ, दुसऱ्यांदा तुटली तर संधी गेली. शीतलची आई लक्ष्मीबाई सकाळपासून घर आवरत होती. मोठी माणसं कॅमेऱ्यातून आपलं घर बघणार ना! तिनं बुद्धाची तसबीर पुसली. आता त्या घरात टीव्हीला रुमाल, मिक्सरला रुमाल, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, सगळे तिनंच क्रोशानं विणलेले. मग आम्ही दोघंच उघडे कसे राहणार? तिनं नवाकोरा जाड रुमाल माझ्यावर आणि राऊटरवर मिळून पांघरला. “आता कसं साजरं दिसते,” म्हणाली. शीतलचं लक्ष आपल्या टिपणात होतं.

धडा सुरू झाला आणि लाइट गेली! पंखा थांबला. मी भार घेतला, पण रुमालाखाली जीव कासावीस व्हायला लागला. राऊटर तर भट्टीच झाला. “आहेस का रे?” गप्प. “अरे, आहेस का?” गप्प! तिसऱ्यांदाही गप्प. तोडली वीज! एक, दोन, तीन... शीतल पडद्याकडे बघत तशीच बसून राहिली. ती उठली नाही, मित्रांनो. तिचा माझ्यावर भरवसा होता! दहा झाले, वीज जोडली, दिवे लुकलुकले आणि परीक्षक बाई परत दिसल्या. “चालू ठेवा, पण आता एकही संधी नाही हं,” त्या म्हणाल्या.

शीतलनं आवाज सावरला. “मुलांनो, गोधडी स्वतः गरम असते का? नाही. आपल्या अंगातली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आपल्याला गरम वाटतं.”

इकडे राऊटरची ओ पुन्हा उशिरा यायला लागली. माझं अंग पोळत होतं. आता ओरडलो तर धड्यात व्यत्यय, नाही ओरडलो तर सगळंच संपलं. ओरडलो! पीं-पीं-पीं-पीं!

दाराआड लेकीचा धडा ऐकत उभी असलेली लक्ष्मीबाई दचकली. “काहून बोंबलून राहिला हा?” तिनं माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अगं माय! मीच गोधडी पांघरली की याला!”

तिनं रुमाल खस्सकन ओढला, सूप घेतलं आणि आम्हाला वारा घालायला लागली. काय तो वारा, अहाहा! राऊटर पटकन म्हणाला, “आहे.” मीही गप्प झालो. लाइन तुटली नाही!

पण लक्ष्मीबाईचा आवाज पलीकडे ऐकू गेला होता. परीक्षक बाईंनी विचारलं, “कोण बोललं ते?”

शीतलचा चेहरा पडला. “माझी आई. माफ करा.”

“माफी कसली? तुमचा धडा त्यांना समजला, हे आम्ही आत्ताच ऐकलं की!” असं म्हणून त्या हसल्या, आणि शीतलही हसली.

आठवड्याभरात निवड झाल्याचा फोन आला. शीतलचा बाप जळबा पेढे घेऊन घरी आला आणि त्यानं पहिला पेढा लक्ष्मीबाईला भरवला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझे भाऊबंद असतील. त्यांना नटवू नका, मोकळी हवा द्या, धूळ पुसा, आणि बॅटरी बसली म्हणून दाराला लावू नका. आमच्यावर माया करा, पण आम्हाला श्वास घेता येईल अशी करा.

आणि तो रुमाल? लक्ष्मीबाईनं तो धुतला, वाळवला आणि मला उचलून माझ्याखाली घातला. “बस आता ऐटीत,” म्हणाली. रोज सकाळी शीतलचा वर्ग भरतो, लक्ष्मीबाई दाराआड धडा ऐकते, आणि मी त्या रुमालावर बसून राऊटरला हाका मारत असतो!