शर्ट काढला तरी वाणी हलेना

मी उशी बोलतेय. पडून बोलतेय, रागावू नका. उभं राहणं आम्हाला जमत नाही.

माझा जन्म शिलाई मशीनखाली झाला. मला शिवणारी बाई लोकांचे कपडे शिवायची, आणि उरलेल्या चिंध्या फेकायला तिचा हात धजावत नसे. त्यामुळे वकिलाच्या कोटाचं अस्तर, शिपायाचा खाकी खिसा, कुणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, असे सगळे माझ्या पोटात दाटीवाटीने बसले. लेकीच्या लग्नात तिने मला लेकीबरोबर सासरी धाडलं.

तिथली तीन वर्षं सुखाची गेली. मग लेकीला बाळ झालं, आणि पुढे तिला रोज एकच स्वप्न पडू लागलं. वाण्याच्या दुकानात ती बाळाला तराजूत ठेवते. वाणी म्हणतो, "पाच किलो दोनशे भरतंय. वरचे दोनशे ग्रॅम काढून घेतो." घरी येऊन बघते तर पिशवीत साखर.

ती दचकून उठायची आणि बाळाच्या नाकाशी बोट धरून बसायची. मग झोपेचीच धास्ती घेतली. दहा दिवसांत अशी दशा झाली की एकदा तिने मलाच पाळण्यात घालून अंगाई म्हटली. खोटं कशाला बोलू, मला झोपही लागली. पण सासूबाई घाबरल्या. आज उशी पाळण्यात घातली, उद्या बाळ हातातून सुटलं तर?

"परक्यांच्या चिंध्यांवर डोकं ठेवशील तर परक्यांचीच स्वप्नं पडणार," त्या म्हणाल्या. "हा पट्ट्यांचा शर्ट वाण्याचाच बघ."

माझी शिवण उसवली. शर्ट बाहेर निघाला. त्या दुपारी तिचा जरा डोळा लागला, तर वाणी आलाच. फक्त बनियनवर आला.

मग रोज एकेक चिंधी निघाली. वकील गेला, शिपाई गेला. मी रुमालासारखी चपटी झाले. वाणी मात्र ठाण मांडून बसलेला.

तेवढ्यात महिन्याचं वजन करायला नर्सबाई आल्या. त्यांनी झोळीचा काटा दाराला अडकवला, तशी लेक बाळाला घट्ट धरून म्हणाली, "काट्यात नको."

सासूबाईंनी सगळी कथा सांगितली. नर्सबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"मागच्या महिन्यात मी वजन दोनशे ग्रॅम कमी आहे म्हणाले, ते डोक्यात बसलं हिच्या. झोपेत मेंदू बंद नसतो, आजी. दिवसभराचा पसारा आवरत बसतो. जी काळजी मोठी, तीच सारखी हाताला लागते. स्वप्नं का पडतात ते शास्त्रज्ञांनाही पुरतं उमगलेलं नाही, पण उशीतून येत नाहीत."

"मग वाणी कुठून आला?"

"तराजू म्हटल्यावर दुसरं कोण आठवणार?"

बाळ काट्यात बसलं. पाच किलो सहाशे. नर्सबाईंनी आकडा दोनदा वाचून दाखवला. "छान भरलंय. आता तू झोप. बाळाला आजी बघतील."

लेकीने बाळाची लहान झालेली झबली माझ्या पोटात भरली, चार टाके घातले आणि आडवी झाली. दोन तास हलली नाही.

उठली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आला होता?"

"आला होता. म्हणाला, एवढं जड मला उचलवत नाही, घेऊन जा."

माझी एवढीच विनवणी आहे. वाईट स्वप्न पडलं तर उशी उसवू नका. कशाची धास्ती बसलीय ते कुणाला तरी सांगा. आणि त्या वाण्याचा शर्ट कुणीतरी परत द्या. बिचारा अजून बनियनवरच येतो.