डबा कुणाला म्हणतोस

मला सांगा मित्रांनो, आईबापांना हौसेने आगगाडीत बसवून द्यायचं, खिडकीबाहेर उभं राहून हात हलवायचा, आणि त्यांची पाठ वळताच त्यांचं घर भंगारात काढायला निघायचं, याला काय म्हणतात? माझ्या म्हातारीचा थोरला असा वागला. शिकलेला आहे, कपडे इस्त्रीचे घालतो, बोलायला गोड. त्यामुळेच राग जास्त येतो.

मी एक जुनी घरगाडी आहे. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. माझ्या पोटात पलंग आहे, दोन शेगड्या आहेत, भांडी घासायला मोरी आहे आणि पुढे इंजिन आहे. मी जुनी आहे हे मी स्वतःच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला खपत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी बेकरीची गाडी होते. शहर जागं व्हायच्या आत दुकानादुकानांत पाव पोचवायचे, हे माझं काम. अजूनही पाऊस पडला की माझ्या पत्र्याला ताज्या पावाचा वास सुटतो. मालक चारचौघांत माझं कौतुक करायचा. मग त्याने नवी चकचकीत गाडी घेतली आणि मला बेकरीच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलं. आरसे चोरीला गेले. मांजर माझ्या पोटात व्यायली. मी काही रडत बसले नाही. मांजरीला तरी आडोसा झाला, असं म्हटलं आणि उभी राहिले.

तिथे ही दोघं आली. म्हातारा एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचा, नुकताच निवृत्त झाला होता. म्हातारी जन्मभर लोकांचे कपडे शिवत आलेली. म्हाताऱ्याने माझ्या दारावर बोट घासलं आणि म्हणाला, "अगं, हिचा पत्रा गंजलाय."

"तुमचे गुडघेही गंजलेत," म्हातारी म्हणाली. "मी टाकलं का तुम्हाला?"

त्याच क्षणी मी तिची झाले.

म्हाताऱ्याने रंधा मारून फळ्या बसवल्या. म्हातारीने गळ्यातली टेप काढून माझी मापं घेतली, अगदी नव्या नवरीची घ्यावीत तशी, आणि उरलेल्या कापडांचे पडदे शिवले. माझ्या एकाही खिडकीचा पडदा दुसऱ्या खिडकीशी जुळत नाही. कुणी नाक मुरडलं तर ती म्हणते, "बघायचं तर बाहेर बघा, पडदा कशाला बघता?"

पहिल्याच प्रवासात एक घोटाळा झाला. माझ्या बाजूच्या दाराला एक घडीची पायरी आहे. ती वर घ्यायची दोघंही विसरली. रस्त्याकडेला एक माळी झाडं विकत बसला होता. त्या पायरीने त्याच्या कुंड्यांची अख्खी रांग आडवी केली. माळ्याने जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. म्हातारा घरी आला, वायरी घेऊन माझ्याखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. तशी आता पायरी वर घेतल्याशिवाय ही हलायची नाही." तेव्हापासून पायरी खाली असली की चावी कितीही फिरवा, मी हूं की चूं करत नाही.

आणखी एक नियम म्हाताऱ्याने केला. तो म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्याने बटण दाबलं की मी थांबलो. आता आपल्यापैकी कुणीही थांब म्हणालं की थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही." मित्रांनो, असं आम्ही खूप फिरलो. तळ्याकाठी थांबलो, मेंढरांसाठी थांबलो. एकदा तर म्हातारीला एका वाळत घातलेल्या झग्याची शिलाई जवळून बघायची होती, तेवढ्यासाठी घाटात थांबलो. लोक भोंगे वाजवायचे. वाजवू देत.

थोरला कधी भेटायला आला तर बाहेरच उभा राहायचा. "या डब्यातून किती दिवस हिंडणार, आई? वाटेत काही झालं तर मला कळणार कसं?" काळजी होती त्याला, नाही म्हणत नाही. पण ज्याची काळजी त्याच्या घरात एकदा तरी पाऊल ठेवावं. याने माझ्या पायरीला कधी बूट लावला नाही.

यंदा तो अचानक म्हणाला, "तुम्हाला डोंगर बघायचेत ना? वर जाणारी आगगाडी आहे, छताला पण काच. आरामात बसा, बघा. तुमची गाडी मी बघतो."

गाडी बघतो म्हणाला. काय बघणार, ते नाही म्हणाला.

डोंगराच्या पायथ्याशी स्टेशन आहे. तिथल्या झाडाखाली मला लावून दोघं बाजूच्या पायरीने उतरली आणि निरोप द्यायला आलेल्या थोरल्याच्या हाती चावी दिली. म्हातारीने नवी साडी नेसली होती. आगगाडी वळणाआड गेली आणि थोरल्याने फोन लावला. थोड्या वेळात भंगारवाला आला. त्याने माझ्या कुशीवर थाप मारली, म्हैस बघावी तशी.

"चालू आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे तर. सकाळीच आलीय चालून," असं म्हणून थोरला पुढच्या दाराने आत चढला. बाजूची पायरी खालीच होती. त्याने चावी फिरवली. मी गप्प. पुन्हा फिरवली. मी गप्प. त्याने माझ्या स्टिअरिंगवर बुक्की मारली. मारून घेतली. बेकरीच्या भिंतीने मला उभं राहायला शिकवलंय.

"बॅटरी गेली असेल," भंगारवाला म्हणाला. "दोर घेऊन येतो, ओढून नेऊ."

मित्रांनो, ओढून नेलं असतं तर मी काय करणार होते? दोराला पायरीची वायर ठाऊक नसते. दोर आला, माझ्या पुढच्या हुकात अडकवला गेला, भंगारवाल्याने गाठ आवळली. तेवढ्यात वरून परतलेल्या आगगाडीची शिटी झाली.

म्हातारा लांबूनच हसत आला. "अरे, फजिती ऐक. वर एक झरा दिसला, अगदी रुळाला लागून. ही सवयीने म्हणाली, थांब. मी सवयीने ब्रेक दाबला. तिथे कुठला ब्रेक? पुढच्या माणसाच्या पिशवीवर पाय. आत केळी होती बिचाऱ्याची. सगळे हसायला लागले, आणि गाडी झरा मागे टाकून निघून गेली."

म्हातारी हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने दोर पाहिला, भंगारवाल्याला पाहिलं, आणि थोरल्याच्या हातातली चावी पाहिली.

"आई, मी तुमच्याच भल्यासाठी..." थोरला म्हणाला.

"दोर सोड," म्हातारी भंगारवाल्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. त्याने थोरल्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि गाठ सोडली. "ताई, ती तशीही चालू होत नाहीये," असं पुटपुटला आणि निघून गेला.

मित्रांनो, जुन्या गाडीची निगा राखा, असं सांगून मी गप्प बसणार होते. पण निगा म्हणजे फडकं मारणं नव्हे. ज्याची निगा राखायची त्याला आधी विचारावं लागतं. मला तोंड असतं तर एवढंच बोलले असते. ते नाही, म्हणून म्हातारीने आपलं वापरलं.

थोरल्याच्या हातातून चावी घेऊन ती म्हणाली, "हिला डबा म्हणतोस ना? आज काचेच्या डब्यात बसून आले. त्याला मी थांब म्हटलं, तो थांबला नाही. हिला तू चल म्हटलंस, ही हलली नाही. माझं ऐकणारा डबा कुठला, ते मला कळलंय. आता आम्ही त्या झऱ्यापर्यंत रस्त्याने जातोय. तुला यायचं असेल तर चल, मागे बस. आणि बाजूच्या दाराने चढ. चढलास की ती पायरी वर घे."