गॅरेजमधल्या फ्रिजचा अठरावा नंबर

मिनोसाकी एक-शून्यने हरला.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही पाहिलेलंच नाही, आणि मीही ते सांगितलेलं नाही. आमच्या घरात शनिवारी सकाळी हीच पद्धत आहे. जपानात सामना दुपारी दोनला सुरू होतो, तेव्हा इथे ओहायोतल्या डब्लिन गावात मध्यरात्र असते. म्हणून आमचे पुरुषोत्तमकाका शांत झोपतात आणि सकाळी उठून रेकॉर्डिंग बघतात. तोपर्यंत ज्याला निकाल कळला असेल त्याने न कळल्याचा चेहरा करायचा असतो. तुम्हीही करा. जमेल.

तर, मी एक जुना फ्रिज आहे. अठरा घनफूट, रंग एकेकाळी पांढरा. बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझ्यासारखेच चारशे भाऊ एका दिवसात जन्मले. त्यांच्यापैकी एकानेही आजवर फोन केलेला नाही. मी या घरी आलो तेव्हा थेट स्वयंपाकघरात उभा राहिलो. मंडळाच्या गणपतीला माझ्यात एकशे चाळीस मोदकांचं सारण मावलं होतं. पाहुणे माझं दार उघडून "बापरे, केवढी जागा!" म्हणायचे आणि उघडंच ठेवून गप्पा मारायचे. कौतुकात गारवा निघून जातो, हे मला तेव्हा कळलं.

पाच वर्षांपूर्वी स्टीलचा फ्रिज आला. तो दारातून बर्फ द्यायचा. सुमित्राकाकूंनी मला गॅरेजमध्ये पाठवलं.

गॅरेजमधला फ्रिज म्हणजे काय, ते समजून घ्या. स्वयंपाकघरात ज्याला परवानगी नाही, ते सगळं माझ्याकडे येतं. डोशाच्या पिठाची बादली, पार्टीत उरलेला पुलाव, सुके बोंबील. तीन घरं पलीकडच्या जपानी ओकाडा-सानांचा नात्तोसुद्धा. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. ते ताणलं की तार निघते आणि उघडलं की माणसं निघून जातात. ओकाडा-सानांच्या बायकोने त्याला घरातून हाकललं, तेव्हा मी आसरा दिला. बोंबील आणि नात्तो माझ्या दुसऱ्या कप्प्यात शेजारी राहतात. दोघांनाही दुसऱ्याचा वास येतो, अशी त्यांची तक्रार आहे. जानेवारीत मात्र गॅरेज माझ्याहून थंड होतं. तेव्हा दूध गोठू नये म्हणून ते माझ्या आत ठेवतात. फ्रिजच्या आयुष्यात यापेक्षा मोठा अपमान नाही.

पण एक गोष्ट माझ्याकडेच राहिली. स्टीलच्या दाराला मॅग्नेट चिकटत नाहीत. त्यामुळे जपानच्या दुसऱ्या दर्जाची अख्खी फुटबॉल लीग माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आली.

काका तरुणपणी गिअरच्या कारखान्याच्या कामासाठी मिनोसाकी नावाच्या लहान गावात दोन वर्षं एकटे राहिले होते. भाषा येत नव्हती. रविवारी जायला एकच जागा होती, स्टेडियम. तिकीट तपासणाऱ्या म्हाताऱ्याने निघताना त्यांना पर्सिमनच्या फळाचा एक मॅग्नेट दिला, आणि तेव्हापासून काका त्या संघाचे झाले. संघाने त्यांना आनंद असा फारसा कधी दिलेला नाही.

आता माझ्या दाराकडे बघा. वरचं फ्रीझरचं दार म्हणजे जे-वन, पहिला दर्जा. खालचं मोठं दार म्हणजे जे-टू. आणि तळाची धुळीची जाळी म्हणजे जे-थ्री. मोठ्या दारावर एकाखाली एक वीस मॅग्नेट आहेत, वीस संघ. पर्सिमन म्हणजे मिनोसाकी. बाकीचे घरात मिळाले ते: दातांचा डॉक्टर, पिझ्झा, किराणा दुकान, घरं विकणारा देसी रिअल्टर. हंगामात प्रत्येक संघ अडतीस सामने खेळतो. जिंकला तर तीन गुण, बरोबरीला एक. पहिले दोन संघ थेट फ्रीझरमध्ये जातात. तिसरा ते सहावा आपसात बाद फेरी खेळतात आणि त्यातला एक वर जातो. त्या फेरीत बरोबरी झाली तर वरच्या क्रमांकाचा संघ पुढे जातो, म्हणजे वर्षभर केलेली मेहनत अगदीच वाया जात नाही. काकूंना हा नियम फार आवडतो.

आणि सतराव्या क्रमांकाखाली काकांनी लाल टेप लावली आहे. तिच्याखालचे तिघे जाळीत जातात.

यंदा नोव्हेंबरमध्ये पर्सिमन सतरावा होता. त्याच आठवड्यात काकूंनी सेलमध्ये नवा फ्रिज घेतला, दारात स्क्रीन असलेला. नवा स्वयंपाकघरात येणार, स्टीलवाला गॅरेजमध्ये उतरणार, आणि गॅरेजमधला...

"गॅरेजमधला कुठे जाणार?" काकांनी विचारलं.

"डिलिव्हरीवाले एक जुना फ्रिज घेऊन जातात. फॉर्मवर टिक केलंय मी."

"अगं, अजून चालतोय तो!"

"चालत तर तुझा मिनोसाकी पण आहे."

इशिता, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, बादलीतून डोशाचं पीठ काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लेट मिनोसाकी डिसाइड."

काकू विमा कंपनीत नियमपालनाच्या खात्यात आहेत. घरात झाडू कुणी मारायचा यालाही त्यांच्याकडे लेखी धोरण आहे. त्यांनी लगेच कागद आणला, दोनदा खोडलं, आणि तिसऱ्यांदा लिहिलेलं वाक्य पिझ्झाच्या मॅग्नेटखाली लावलं: *मिनोसाकी पुढच्या हंगामात जे-टूमध्ये असेल, तर गॅरेजमधला फ्रिज जागेवर राहील, अन्यथा तो नेला जाईल.* खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून इशिताची.

शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. पण मिनोसाकी हरला आणि अठरावा असलेला रिअल्टर जिंकला, तर दोघांची अदलाबदल होणार होती. टेपखाली पर्सिमन, आणि ट्रकमध्ये मी.

शनिवारी सकाळी सातला काका टॅब्लेट घेऊन गॅरेजमध्ये आले. नवा फ्रिज त्याच सकाळी यायचा होता, म्हणून स्टूलवर टॅब्लेट ठेवून सामना बघत बघत ते मला रिकामं करायला लागले. इशिता दारात येऊन उभी राहिली.

"माझ्याकडे असं काय बघतेस?" काका म्हणाले.

"आय नो नथिंग."

"मी विचारलं का काही?"

"नो. बट आय नो नथिंग." ती मागे सरकत सरकत गेली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. हॉस्पिटलमध्ये लोक असं बघतात. पण मित्रांनो, आपल्याला काही माहीत नाही.

पहिला अर्धा तास मिनोसाकीने फक्त चेंडू बाहेर मारला. समोरचा संघ अकरावा होता. तो ना वर जाणार होता, ना खाली. असे संघ सगळ्यात धोकादायक असतात, कारण ते मजा म्हणून खेळतात. पंचेचाळीस मिनिटं, शून्य-शून्य. साठ मिनिटं, शून्य-शून्य. काकांनी बोंबलांची पिशवी हातात धरली होती. ती खाली ठेवायचं त्यांना सुचेना.

ऐंशीव्या मिनिटाला ट्रक आला.

मार्कस नावाचा डिलिव्हरीवाला उंच होता आणि घाईत होता. नवा फ्रिज आत गेला, स्टीलवाला ढकलत गॅरेजच्या दाराशी आला. मार्कसने माझा प्लग ओढला. माझा कॉम्प्रेसर थांबला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मला सामन्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. प्रेक्षक ढोल वाजवत होते.

"सर, आय हॅव सिक्स मोअर स्टॉप्स," मार्कस म्हणाला.

"फाइव्ह मिनिट्स!"

"यू सेड दॅट फाइव्ह मिनिट्स अगो."

त्याने माझ्याभोवती पट्टा आवळला. पट्टा नेमका लाल टेपवरून गेला. पर्सिमन त्याखाली दबला.

नव्वद अधिक तीन. कॉर्नर. चेंडू उडाला, चार डोकी उडाली, आणि तो मिनोसाकीच्याच एका खेळाडूच्या पाठीवर आपटून त्यांच्याच गोलमध्ये गेला. त्याला कळलंही नाही. तो मागे वळून बघत होता, गोल कुणी केला ते.

पाठोपाठ पडद्यावर दुसऱ्या मैदानाचा निकाल आला. रिअल्टर जिंकला होता.

काकांनी टॅब्लेट बंद केला. पट्ट्याखालून पर्सिमन काढला, अठराव्या जागी लावला आणि रिअल्टरला एक घर वर चढवलं. "घेऊन जा," ते म्हणाले. मराठीत म्हणाले, पण मार्कसला समजलं. मी मागे कलंडलो. आत उरलेली चटणीची एक बाटली गडगडत गेली.

तेवढ्यात ओकाडा-सान धावत आले. पायात सपाता, अंगात जपानी सौजन्य. आधी वाकले, मग धापा टाकल्या. त्यांचं इंग्रजी मी मराठीत सांगतो.

"पुरु-सान! नात्तो कुठे आहे?"

"बाहेर काढलाय. आम्ही खाली गेलो, ओकाडा-सान."

"कोण? मिनोसाकी? नाही, नाही." ते पुन्हा वाकले, बहुतेक विरोध करण्याबद्दल माफी म्हणून. "जे-थ्रीमध्ये तानेगावा दुसरा आला. आजच. आणि तानेगावाकडे जे-टूचा परवाना नाही."

"म्हणजे?"

"मैदानात दहा हजार माणसं बसायला हवीत. त्यांच्याकडे साडेसहा हजार बसतात. बाकी जागेत कोबी आहे. दिवे मोजतात, शौचालयं मोजतात. परवाना नाही, तर वर येता येत नाही. खालून एक कमी आला, तर वरून एक कमी जातो. अठरावा वाचतो."

मार्कस मला तिरका धरून उभा होता. काकू कागदाजवळ आल्या. चष्मा लावून त्यांनी स्वतःचं वाक्य स्वतःच पुन्हा वाचलं.

"हरला तर, असं मी लिहिलेलंच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "जे-टूमध्ये असेल तर, असं लिहिलंय."

"म्हणजे राहू दे याला?" काकांनी विचारलं.

"मला विचारू नकोस. नियम म्हणजे नियम."

"मॅम," मार्कस म्हणाला, "माय फॉर्म सेज वन फ्रिज."

काकूंनी स्टीलच्या फ्रिजकडे पाहिलं. तो पाच वर्षांचा होता, चकचकीत, निर्दोष. अजूनही बर्फ देत होता.

"देन टेक वन," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, पहिल्या दर्जातून थेट ट्रकमध्ये जाण्याचा नियम जगातल्या कुठल्याच लीगमध्ये नाही. जाताना त्याने रस्त्यावर दोन बर्फाचे खडे टाकले. ते कुणीच उचलले नाहीत. मी जागेवर उभा राहिलो. बोंबील आत आले, नात्तो आत आला. जिंकून नाही, तर दुसऱ्याच्या कोबीमुळे. अठराव्या नंबरवर राहिलेल्यांना फार अभिमान बाळगता येत नाही. पण ते दाराला लावलेले असतात.

तुमच्याही घरी एखादा जुना फ्रिज असेल. त्याच्या मागची धूळ वर्षातून दोनदा पुसा, दाराचं रबर पुसा, आणि दार उघडून विचार करत उभे राहू नका. विचार बाहेर करून या. माझ्यापुरता मी रीतसर अर्ज केला आहे.

*प्रति: मा. परवाना समिती, लीग कार्यालय, टोकियो. प्रत: सुमित्राकाकू, नियमपालन विभाग, स्वयंपाकघर.*

*विषय: गॅरेजमधील फ्रिजला दुसऱ्या दर्जाचा कायम परवाना मिळण्याबाबत.*

*महोदय, अर्जदाराची क्षमता अठरा घनफूट आहे. प्रकाशव्यवस्था: दिवा एक, दार उघडल्यावर लागतो. शौचालय नाही. कोबी अर्धा, तिसऱ्या कप्प्यात. अर्जदाराला वर जायची इच्छा नाही. वरच्याचं काय होतं, हे त्याने पाहिलं आहे. तरी अर्जदाराच्या खालची जाळी कायमची बंद करावी, ही नम्र विनंती.*

*या अर्जाचा निकाल कृपया कळवू नये. आम्ही तो शनिवारी सकाळी रेकॉर्डिंगवर बघू.*