मालुबाईच्या बाजूचा कोपरा

सिद्रामच्या जीपचा टप काढता येत होता, हाच त्या जीपमधला खरा दोष. काढता येतो म्हणून तो काढायचा. मार्च लागला की वडगावातल्या गल्लीतली चार माणसं गोळा करायची, त्यांना चहा पाजायचा, फायबरचा तो पांढरा टप उतरवायचा आणि मागाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवायचा. जूनमध्ये तीच चार माणसं, तोच चहा, आणि टप परत जागेवर. मधल्या तीन महिन्यांत उघड्या जीपमधून तो सूत आणायला शहापुरापर्यंत जायचा. चालत पंधरा मिनिटं लागतात.

या चढउतारात टपाखालचं रबर कडक होऊन जागोजाग भेगाळलं होतं. पाणी नेमकं डाव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्यातून आत यायचं, आणि त्या कोपऱ्याखाली सिद्रामची बायको मालुबाई बसायची. सिद्रामची बाजू ठणठणीत कोरडी. त्यात त्याचा काही हात नव्हता, पण पंचवीस वर्षांच्या संसारात असल्या गोष्टीला योगायोग म्हणायची पद्धत नसते.

मागल्या पावसाळ्यात कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली, तेव्हा मालुबाई जीपमध्ये छत्री उघडून बसली होती. पोलिसानं आधी कागद बघितले, मग छत्री.

"मावशी, आत बी पाऊस हाय व्हय?"

"हाय की. भायेरच्यापेक्षा जरा बारीक हाय."

सिद्रामनं कागद हिसकून घेतले आणि गाडी थेट कागलपर्यंत दामटली.

यंदा त्याच कागलला त्याच्या बहिणीच्या मुलीचं, राणीचं लग्न होतं. ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त. मामाचा आहेर म्हणून सिद्रामनं स्वतःच्या मागावर अकरा जरीकाठी साड्या विणल्या होत्या. त्या प्लास्टिकात गुंडाळल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण जरीला प्लास्टिकात घाम येतो आणि ती काळी पडते, यावर विणकराच्या घरात देवापेक्षा जास्त विश्वास असतो. साडी जाणार ती मलमलीतच. भाड्याची गाडी करायची, तर मामा जीप घेऊन येणार हे त्यानं फोन करून करून सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलेलं.

मालुबाईनं एकदाच काय ते बोलून घेतलं. "साड्या माझ्या मांडीवर असणार. एक थेंब पडला, एकच, की येताना जीप भंगारवाल्याच्या दारात सोडायची आन् बशीनं घरला यायचं."

"आन् न्हाय पडला तर?"

"तर जीपबद्दल मी परत तोंड उघडणार न्हाय."

एवढी मोठी सवलत सिद्रामला लग्नापासून मिळाली नव्हती. तो दुसऱ्याच दिवशी उद्यमबागेत ज्योतिबाकडे गेला. ज्योतिबा गाड्यांची रबरं विकायचा, आणि बरोबर सल्लाही द्यायचा, मागितला नाही तरी. त्यानं नवं रबर मोजून दिलं आणि म्हणाला, "आप्पा, ह्ये लावताना वडायचं न्हाय. सैल सोडत, दाबत दाबत जायचं. टोकाला इंचभर जास्तच ठेवायचं."

"ज्योतिबा, सारा जन्म सूत हाताळलोय रं मी."

"म्हणून तर सांगालोय."

दोन दिवस सिद्रामनं जुनं रबर खरवडलं, थिनर लावून कडा पुसली, चार माणसांकडून टप उचलून धरवला आणि नवं रबर बसवायला घेतलं. पण ज्या माणसाला ताण्यातला एक धागा ढिला दिसला तर जेवण जात नाही, त्याच्या हातात सैल रबर कसं राहणार? बोटं आपोआप ओढत गेली. रबर असं तंग बसलं की टिचकी मारली तर वाजायचं. शेवटी वीतभर तुकडा उरला. तो त्यानं कापून मालुबाईला दाखवला. "बघ. ज्योतिबाला मापच कळत न्हाय."

मालुबाईनं तुकडा घेतला आणि कांड्यांवर सूत भरायच्या डुगडुगत्या चरख्याच्या पायाखाली सारला. चरखा हलायचा थांबला. मग टपावर पाइपानं पाणी मारून बघितलं. एक थेंब आला नाही. सिद्राम त्या रात्री घोरला.

लग्नाच्या आदल्या सकाळी तो जीप पुसायला गेला आणि पुसायचं विसरला. डाव्या कोपऱ्यात रबर आखडून मागं सरलं होतं. फट एवढी, की त्यातून आतली सीट दिसत होती. मालुबाईची.

ज्योतिबा मोटारसायकलवरून आला. फटीत बोट घालून म्हणाला, "वडलासा."

"वडलो न्हाय. जरा सरळ केलतो."

"रबर म्हंजे सूत न्हवं, आप्पा. ते आपल्या मापावर परत येतंय. तुकडा कुठाय?"

सिद्रामनं चरख्याकडे बघितलं. मालुबाईनं चरखा उचलला, तुकडा काढून दिला आणि परत कांड्या भरायला बसली. त्यापेक्षा तिनं शिव्या दिलेल्या त्याला परवडल्या असत्या.

ज्योतिबानं सगळं रबर सोडवलं, तासभर उन्हात मोकळं पडू दिलं. ऊन होतं, ही त्या महिन्यातली एक कृपाच. मग तुकडा त्याला चिकटवला आणि सांधा मागच्या बाजूला येईल असा धरला. सिद्राम पुढं सरसावला.

"तुमी न्हाय," ज्योतिबा म्हणाला. "तुमचा हात तंग हाय. आक्का, तुमी या."

मालुबाईचा सारा जन्म कांड्या भरण्यात गेलेला. धागा बोटांतून नुसता जाऊ द्यायचा, ओढायचा नाही, तुटू द्यायचा नाही, हेच तिचं काम. ती रबर तसंच सोडत गेली, दाबत गेली. सिद्राम गल्लीतल्या चौघांबरोबर टप धरून उभा होता, पाचवा माणूस म्हणून.

"जरा सैल दिसतंय गं," तो एकदा म्हणाला.

"गप बसा."

रबर पुरलं, वर इंचभर उरलं. ज्योतिबानं तोही आत दाबला.

दुसऱ्या दिवशी संकेश्वर मागं पडलं आणि तवंदी घाटात पाऊस असा कोसळला की पुढचा ट्रक दिसेना. मालुबाईच्या मांडीवर अकरा साड्या. छत्री घरी. सिद्रामचा एक डोळा रस्त्यावर, एक कोपऱ्यावर. निपाणी गेली. कोपरा कोरडा. कोगनोळीचा नाका आला, पोलिसानं आत वाकून बघितलं आणि नुसताच हात हलवून गाडी सोडली. सिद्रामला थोडं वाईट वाटलं. पोलिसानं काहीतरी विचारायला हवं होतं.

नाक्यापुढं काच धुरकट व्हायला लागली. रबर इतकं पक्कं बसलं होतं की आतली हवाही बाहेर जाईना. सिद्राम फडक्यानं काच पुसत होता आणि घामानं भिजत होता, पण खिडकी उघडायची त्याची हिंमत होत नव्हती.

"अवो, काच खाली घ्या जरा. कागलऐवजी गटारीत न्हेशीला."

"नको गं. थेंब आला तर?"

मालुबाईनं साड्यांवर पदर पसरला आणि आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली केली. वारा आला, आणि पाठोपाठ एक टपोरा थेंब तिच्या मनगटावर. सिद्रामनं ब्रेकवर पाय ठेवला.

तिनं मनगट लुगड्याला पुसलं.

"चला," ती म्हणाली. "ह्यो मोजायचा न्हाय. ह्यो मी घेतलोय आत."