गुनवोरच्या मनगटावरचे डाग

हालवार नूर्डलॉफला गाव ओळखायला लागलं ते त्याच्या सत्तरीत. त्याआधी चाळीस वर्षं तो कागदाच्या कारखान्यात रिळं गुंडाळायच्या यंत्रावर होता, आणि तिथल्या माणसाला कोण विचारतं? पण बायकोला, गुनवोरला, विसरण्याचा आजार जडला आणि तो दर शनिवारी गावच्या पेपरात तिच्याबद्दल लिहू लागला. ‘गुनवोरबरोबर कॉफी’ असं त्या सदराचं नाव. त्यात गुनवोर चष्मा फ्रीजमध्ये ठेवायची, अंगणातल्या बर्फाच्या ढिगांना मेंढ्या समजून हाका मारायची, आणि हालवार हसत हसत तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवायचा. दुकानात बायका त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणायच्या, "किती रे सोसतोस! आमच्याकडच्याला मुद्दाम वाचून दाखवते मी." हालवार मान खाली घालायचा. आवडायचं त्याला ते.

फेब्रुवारीत त्यांची मुलगी इल्वा उमिओहून दोन दिवसांसाठी आली. आईला अंघोळ घालताना तिला मनगटावर निळे-पिवळे डाग दिसले.

"पप्पा, हे काय?"

"पडली. पायरीवर."

"पडल्यावर बोटं उमटतात? चारही?"

हालवार कॉफीचं भांडं घासत राहिला. ते केव्हाच लख्ख झालं होतं.

इल्वाने आईला कपडे चढवले, तिचे केस विंचरले आणि मग ती स्वयंपाकघरात आली. टेबलावर शनिवारचा पेपर पडलेला होता.

"छान लिहितोस तू," ती म्हणाली. "फक्त ही गोड म्हातारी कोण, ते मला कळत नाही. माझी आई तर नव्हे. आणि हा हसरा माणूस तू नाहीसच."

"लोकांना आवडतं."

"आवडणारच. त्यांना कुठे या घरात राहायचंय?"

दुपारच्या गाडीने ती गेली. दारात बूट चढवताना तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "पुन्हा असलं काही दिसलं तर मी नगरपालिकेच्या वृद्धसेवा विभागाला कळवेन. आणि मला वाईटही वाटणार नाही."

मंगळवारी ग्रंथालयात लिहिणाऱ्यांचं मंडळ भरायचं. ते चालवणारी आयना ऐंशीची होती. कोर्टात जबान्या उतरवून घेण्यात तिची हयात गेली होती. सगळे गेल्यावर हालवार खुर्च्या लावण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळला.

"आयना, माझं लिखाण कुठे कुठे खोटं वाटतं का गं?"

"कुठे कुठे?" आयना हसली नाही. "जबानी देणारा फार नीटनेटकं बोलायला लागला की मला कळायचं, हा काहीतरी झाकतोय. तुझं प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं असतं."

"मग करू काय?"

"रोज एक पान. काल काय झालं, तेवढंच. कोणाला दाखवायचं नाही. दुसऱ्या दिवशी वाचायचं, खोटं सापडलं की खोडायचं. रविवारची सुट्टी नाही."

सकाळी सव्वासहाला, गुनवोर उठायच्या आत, तो टेबलाशी बसू लागला. पहिल्या आठवड्यातली सगळी पानं त्याने खोडली. ‘तिने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं’ हे खोडलं. तिने पाहिलं होतं खिडकीकडे. ‘मी शांतपणे समजावलं’ हेही गेलं. मग काही दिवस नुसत्या याद्या निघाल्या: काय खाल्लं, किती वेळा चादर बदलली, गुनवोरने एकच प्रश्न कितीदा विचारला. कारखान्यात आठ तास उभं राहणं त्याला इतकं जड कधी गेलं नव्हतं. ‘मी तिचा हात पिरगळला’ हे वाक्य कागदावर यायला अकरा दिवस लागले.

त्यानंतरचं मात्र येत गेलं. मंगळवारी बटाटे सोलताना, ही आता मरावी, असं वाटलं, ते लिहिलं. तिने आपल्याला तिचा मेलेला भाऊ समजून मिठी मारली, तेव्हा आपण भाऊच असल्यासारखं उभं राहिलो, कारण नवऱ्याला अशी मिठी मारून तिला तीन वर्षं झाली होती, तेही लिहिलं.

याने तो सुधारला म्हणावं तर तसंही नाही. मे महिन्यात तिने गरम लापशी त्याच्या मांडीवर सांडली आणि त्याने तिला खांदे धरून भिंतीवर दाबलं. गुनवोर ओरडली नाही. दोन्ही हातांनी तिने तोंड झाकून घेतलं, सवय असल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला त्याने ते जसंच्या तसं लिहिलं. वाचलं. खोडण्याजोगं त्यात काही सापडलं नाही. नऊ वाजता त्याने स्वतःच नगरपालिकेला फोन लावला.

आलेली बाई तरुण होती. फॉर्म भरता भरता तिने विचारलं, "घरी ठेवण्यात नेमकी अडचण काय?"

"मी," हालवार म्हणाला. "मी तिला मारतो."

तिचं पेन क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू लागलं.

ऑगस्टमध्ये गुनवोरला शुश्रूषागृहात जागा मिळाली. पहिल्याच भेटीत शाल सारखी करायला त्याने हात उचलला, तर तिने मान खांद्यात ओढून घेतली. त्याचं नाव ती विसरली होती, हात विसरली नव्हती. त्या भेटीचं पान त्याने इतर पानांशेजारी ठेवलं, सहा महिन्यांचं सगळं पुन्हा वाचलं आणि सदरासाठी नवा लेख लिहिला. त्यात गोड असं काही नव्हतं.

संपादक सोलवेगने त्याला बोलावून घेतलं. "हालवार, हे तू लिहिलेलं सगळ्यात चांगलं आहे. पण लोक हे नाश्ता करताना वाचणार."

"तिने तोंड झाकलं तेही नाश्त्याच्याच वेळी."

सोलवेगने बराच वेळ चष्मा पुसला. लेख छापला. महिन्याभरात सदर मात्र बंद झालं. एवढी संतापलेली पत्रं आली. दुकानात आता कोणी दंडावर हात ठेवत नव्हतं. एका बाईने तर रांग बदलली. आयना तेवढी म्हणाली, "आता लिहायला लागलास. उद्याचं पान चुकवू नकोस." चांगलं लिहिता आल्याचा आनंद त्याला झाला, आणि तो झाला याची लाजही वाटली. दोन्ही त्याने दुसऱ्या दिवशी लिहिलं.

लेखाचं कात्रण त्याने इल्वाला पाठवलं होतं. डिसेंबर उजाडेपर्यंत तिकडून काही आलं नाही. मग एका दुपारी, बाहेर अंधारून आलेलं असताना, फोन वाजला.

"वाचलं," इल्वा म्हणाली.

"हं."

"लापशीचं मला माहीत नव्हतं."

"नव्हतंच सांगितलं मी."

तिच्या बाजूला कोणीतरी भांडी लावत होतं.

"मी माफ केलंय असं समजू नकोस, पप्पा."

"नाही समजत."

"रविवारी येतेय आईला भेटायला. तू तेव्हा येऊ नकोस."

"बरं."

फोन ठेवून हालवार खिडकीशी उभा राहिला. रविवारी गुनवोरला मऊ पाव लागायचा, दुधात भिजवलेला. शुश्रूषागृहात ते कोणाला ठाऊक नव्हतं. इल्वाला कळवायला हवं म्हणून त्याने एक चिठ्ठी लिहिली, दोनच ओळींची, आणि पोस्टात टाकायला कोट चढवला.